आबांची बुडी

इंद्रायणीत उतरण्याआधी नामाआबा बिडीचं बंडल माझ्या हातात द्यायचे. "धर गं. वर आलो न्हाई तर तुझ्या बापाला दे," म्हणायचे. आबा इंदुरीतले आमचे शेजारी. नदीवरच्या कुणाच्याही मोटारीच्या पाइपाचं तोंड गाळात रुतलं, की हाक त्यांनाच. छाती फुगवून ते बुडी मारत आणि मी काठावर आकडे मोजत बसे. साठाच्या पुढे माझं तोंड कोरडं पडायचं. वर येताच विचारत, "किती झालं?" शंभराच्या खालचा आकडा ऐकला की दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. म्हणून मी बिनदिक्कत खोटं सांगायचे.

सत्तरीत त्यांच्या फुफ्फुसात कॅन्सरची बोराएवढी गाठ निघाली. बिड्यांनी छाती आधीच पोखरलेली, मोठं ऑपरेशन झेपणारं नव्हतं. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बरगड्यांमधून सुई घालून गाठ आतल्या आत गोठवायचं ठरवलं. "म्हंजी कुल्फी करनार व्हय?" आबांनी विचारलं. मूलबाळ नाही, सही मीच केली. आत जाताना बंडल सवयीने माझ्याकडे आलं.

पूर्ण भूल नव्हती. सुई सरकवताना श्वास रोखायचा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. आबा खूश! आणि तिथंच घोडं अडलं. दर वेळी ते बुडीचा श्वास घेत, तो कधी एवढा, कधी तेवढा. छाती फुगली की गाठ जागची हले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. साधा, दर वेळी सारखाच श्वास हवा, म्हणाल्या; हे असंच चाललं तर फुफ्फुसाला इजा होईल, आज थांबावं लागेल. तुमचं ऐकतात का बघा. मला काचेअलीकडे माइकसमोर बसवलं. आबांचा संताप आला होता. इथेही मिरवायचं होतं म्हाताऱ्याला.

"आबा, बुडी मारायची नाही. काठावर उभे आहात असं समजा. नेहमीचा श्वास घ्या आणि थांबा. मी मोजते."

"शंभर व्हतील बघ."

"नाही होणार. कधीच झाले नाहीत. मी खोटं सांगायचे."

उगाच बोलले असं मला झालं. मग पडद्यावर त्यांची छाती जराशी वर आली आणि थांबली. मी मोजू लागले. बाराला डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. सुई जागेवर बसली होती. गाठ गोठवली, वितळू दिली, पुन्हा गोठवली. तेवढा वेळ मी बंडल मुठीत घट्ट धरून होते.

ती गाठ पुन्हा आली नाही. तीन वर्षांनी आबा गेले ते हृदयाच्या दुखण्याने. मला मात्र त्या वेळी दवाखान्यातून घरी परतताना गाडीत बसलेले आबा आठवतात. तळेगाव मागे पडेपर्यंत ते माझ्याशी बोलले नव्हते.

"खरं किती व्हायचं गं?"

"सत्तर. फार तर पंचाहत्तर."

"आन् परवा?"

"बारा."

"बारातच भागलं म्हन की," आबा म्हणाले.

बंडल माझ्या पर्समध्येच होतं. त्यांनी ते मागितलं नाही.