न धुतलेला समुद्र

आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "शिवकांताकाकू गेल्या गं," ती म्हणाली. "सकाळी उठल्याच नाहीत." वरून कुणीतरी येत होतं, म्हणून मी भिंतीला टेकून त्यांना वाट दिली आणि आईला "बरं" म्हणाले. काकूंच्या मातीला मला पोचता आलं नाही. त्याला आता महिना होत आला. या महिन्याभरात डोळे मिटले की काकूंचा चेहरा आधी येत नाही, समुद्र येतो. लातूरच्या त्यांच्या बैठकीत, शहाबादी फरशीवर अंथरलेला, कडा उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर पितळी तांबे ठेवलेला समुद्र. आणि एका कोपऱ्याशी, पाय भिजू नयेत तसे जवळ ओढून बसलेल्या काकू, दातात दोरा धरून...

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी काकू शिरूर अनंतपाळहून लग्न होऊन आमच्या गल्लीत आल्या. "जिल्हा आन् मी एकदाच नांदायला आलो," असं त्या सांगायच्या, आणि पुढे म्हणायच्या, "त्याचं नाव झालं, मी हाय तिथंच." काकांचं भांड्यांचं दुकान होतं. घर समोरच. दर उन्हाळ्यात काकू गल्लीतल्या मुलींना गोधडी आणि फुलीचा टाका शिकवायच्या. फुलीचा टाका म्हणजे जाळीदार मॅटीच्या कापडावर चौकट मोजून घातलेली दोऱ्याची फुली. अशा शेकडो फुल्यांचं चित्र होतं. दरवर्षी विषय एकच असायचा आणि तो काकू ठरवायच्या. एका वर्षी मोर, एका वर्षी कुणाच्या तरी रुखवताची पालखी. मी इंग्रजी शाळेतली, गल्लीत फारशी न मिसळणारी. चार माणसांत बसून मुलगी जरा बोलती होईल म्हणून नववीची परीक्षा संपल्यावर आईने मला तिकडे पाठवलं. बोलती झाले नाही. पण रोज जात राहिले.

तो मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा होता. शहराला पाणी रेल्वेने येत होतं. गल्लीतले लोक मुलाबाळांना पाहुण्यांकडे पाठवत होते, लग्नं पुढे ढकलली जात होती, आणि काकांच्या दुकानात पातेल्यांपेक्षा पिंपं जास्त विकली जात होती. अशा वेळी वर्गाच्या पहिल्याच दिवशी काकूंनी जाहीर केलं, "औंदा समुद्र."

शबाना म्हणून टेलरची मुलगी माझ्याशेजारी बसायची. ती म्हणाली, "काकू, नळाला पानी नै, अन् तुमी दर्या काढायलाव!"

"मंग नळ काढू का?" काकू म्हणाल्या. "काढते. तू त्याला पानी आण."

सगळ्या हसल्या. समुद्र कशासाठी, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंची एकुलती एक मुलगी, भाग्यश्रीताई, कोकणात दिली होती. घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो म्हणे. ती पहिल्या बाळंतपणाला उन्हाळ्याच्या शेवटी माहेरी येणार होती. मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी म्हणून सुई धरायची नाही, असं काकूंच्या घरी मानत. म्हणून त्या कुणासाठीच शिवत नव्हत्या. फक्त आम्ही सगळ्या मिळून समुद्र शिवत होतो, आणि त्यातले काही तुकडे अगदी दुपट्याएवढे होते.

समुद्र पाहिलेली वर्गात मी एकटीच. शाळेच्या सहलीत, एक संध्याकाळभर. "सांग की गं, कसा आस्तो?" काकूंनी विचारलं आणि सगळ्या सुया थांबल्या. मला कानशिलं गरम झालेली आठवतात. "काकू, तो... कडेला निळा नसतो. मळका असतो, चहासारखा. लांब गेल्यावर निळा होतो."

"आन् मग?"

"मग आभाळच."

"पल्याडचं काईच दिसत न्हाई?"

"नाही."

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली. "मंग भागूला करमत कसं आसंल," त्या म्हणाल्या, आणि जुन्या साड्यांची पेटी पुढे ओढली.

पेटीतून रंग निघत गेले तसा समुद्र होत गेला. कडेला चहाच्या रंगाची त्यांच्या सासूची सुती साडी. मग विटलेलं हिरवं इरकल. मग शबानाच्या भावाच्या शाळेची निळी पँट, उसवून. आमच्याकडे गोधडी शिवायची ती बाहेरच्या कडेपासून चौकोनी फेऱ्यांनी आत आत. काकूंनी तसं केलं नाही. एका बाजूने धावदोऱ्याच्या ओळी सोडल्या आणि प्रत्येक ओळ जराशी डोलू दिली. शेजारच्या बायका येऊन पाहायच्या, "आगं, वाकडी चाललीस," म्हणायच्या. "पानी हाय ते," काकू म्हणायच्या. त्या ओळी खरं तर नांगरलेल्या रानातल्या तासांसारख्या दिसत होत्या. काळ्या रानाने कूस बदलावी तशा. माझ्याकडे फुलीच्या टाक्यांचं काम होतं. गणिताच्या चौकटीच्या वहीत मी शिंपले, होड्या, एक दीपस्तंभ रंगवून दिले, आणि मुली ते चौकटी मोजत मॅटीवर उतरवू लागल्या. दुपारी दारं लोटून घेतलेली असत. बाहेर ऊन, आत पंख्याखाली निळे तुकडे हलायचे, कुणीतरी गुणगुणायचं, आणि मला खरंच वाटायचं की आपण सगळ्या एका होडीत बसलो आहोत आणि गल्ली कुठेतरी मागे राहिली आहे.

दुपट्यावरचे मासे काकूंनी स्वतः काढले. घरात सात पिढ्यांत मासा शिजलेला नाही. त्यांनी पाहिला तो चित्रात. प्रत्येक माशाचा डोळा त्यांनी मिटलेला दाखवला, खाली वळलेल्या एका बारीक रेघेने. मी म्हणाले, "काकू, माशांना पापण्या नसतात."

"झोपत न्हाईत का मग?"

"झोपतात. डोळे उघडे ठेवून."

"आगं माय!" त्या म्हणाल्या. "लेकराच्या अंगावर रातभर डोळे वटारून कोन बसंल? आसू दे मिटलेले."

एक गोष्ट मात्र त्या उन्हाळ्यात झाली नाही. गोधडीचं कापड आधी पाण्यातून काढतात. नवं, गडद कापड तर मिठाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुचकळतात, त्याचा जादा रंग सुटून जाईपर्यंत. दुपट्याच्या कडेच्या पट्टीला काकूंनी नवं लाल कापड आणलं होतं. ते न भिजवताच लावलं. घरात पाणी नव्हतं असं नाही. न्हाणीत काकांच्या दुकानातले मोठे तांब्याचे हंडे ओळीने भरून ठेवलेले होते, वर पांढरं फडकं बांधून. नळाला पाणी आलं की जुनं पाणी वापरायला निघायचं आणि हंडे पुन्हा भरायचे. पण त्यातलं तांब्याभरसुद्धा कापडाला मिळायचं नाही. ते भाग्यश्रीताईच्या न्हाण्याचं होतं. बाळंतिणीला रोज तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, पाणी मोजायचं नाही... काकूंना दुसरं काही नको होतं.

फोन आला तेव्हा वर्ग चालू होता. काकूंचे हात गुंतलेले, म्हणून शबानाने स्पीकर लावला. ताईच्या सासूबाई अगदी गोड बोलत होत्या. "विहीणबाई, राग मानू नका हं. टीव्हीवर बघतो ना आम्ही. तिकडे प्यायला पाणी नाही म्हणतात."

"हाय ओ. भरून ठेवलंय मी."

"तुम्ही ठेवाल हो. पण बाळंतिणीचं रोजचं न्हाणं, बाळाचे कपडे... महिनाभर कसं पुरायचं?"

मग ताईच फोनवर आली. "आई, यंदा नको."

"बरं," काकू म्हणाल्या. फोन बंद झाला. त्यांनी सुईत दोरा घालायला घेतला. तो जाईना. शबानाने सुई त्यांच्या हातातून काढून घेतली आणि ओवून परत दिली.

काही दिवसांनी काकूंनी बॅग भरायला घेतली. काकांना ते पटलं नाही. रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, आणि इथे तर तिकडे जाऊन बाळंतपण करायचं! "लोकं तोंडात शेण घालतेल," काका आमच्यासमोरच म्हणाले.

काकूंनी घडी घातलेलं दुपटं बॅगेत ठेवलं. "तिच्या घरचं पानी प्यायचं न्हाई, आन् आपल्या घरी पानी न्हाई. मंग पोरीनं जावं कुठं, ते तरी सांगा."

काका दुकानात निघून गेले. काकू एकट्याच रेल्वेने गेल्या.

परत आल्या त्या नातीचा फोटो घेऊन. तोवर पाऊस चांगला झाला होता, नळाला पाणी सुटलं होतं. मला बोलावून त्यांनी सगळं सांगितलं, बहुतेक मी मध्ये बोलत नाही म्हणून. दुपटं तिकडे पहिल्यांदा पाण्यात पडलं आणि लाल पट्टीचा रंग सुटून निम्म्या समुद्रात गेला. काकू ते उचलून आत न्यायला निघाल्या. पण विहीणबाईंनी दुपटं दोरीवर टाकलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "सूर्य बुडतानाचा काढलात होय? अगदी असाच दिसतो इथून." काकू "व्हय" म्हणाल्या. "मी कशाला सांगू कापड धुतलं न्हवतं म्हनून?" मिटलेल्या डोळ्यांच्या माशांवर मात्र विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "हे कुठल्या बाजारातले हो?"

"समुद्र तू म्हनलीस तसाच हाय," काकू मला म्हणाल्या. "कडंला चहा." मग हातातला फोटो पदराने पुसला. "पानी लई तिथं. हिरीतून काढावं तेवढं. पर न्हाऊ घालायला त्यांची ठरलेली बाई होती. मी दारातून तेलाची वाटी द्यायची..." फोटो परत ठेवत, माझ्याकडे न पाहता, "एकदा भागूला माझ्या न्हाणीत न्हाऊ घालायचं होतं."

पुढे ताई यायची, सुट्टीत, चार दिवस. नोकरी, मुलीची शाळा, बॅगा. ती आता मोठी बाई होती. आंघोळीला जाताना दाराला आतून कडी लावायची. काकू बाहेर बसून भाजी निवडायच्या. त्यांनी कधी मागितलं नाही, आणि ताईला कुणी सांगितलं नाही.

मागच्या रविवारी मी लातूरला गेले. ताई अजून तिथेच होती. काकांचं कसं करायचं ते ठरत नव्हतं. तिची मुलगी आमच्या घरी माझ्या आईजवळ खेळत होती. ताईचे केस विंचरलेले नव्हते. आम्ही स्वयंपाकघरात बसलो आणि मी, जी सहसा काही सांगत नाही, तिला हंड्यांचं सांगितलं. पांढऱ्या फडक्यांचं. दारातल्या तेलाच्या वाटीचं. तिने ऐकून घेतलं. मग उठली, तेलाची बाटली माझ्या हातात दिली आणि न्हाणीत जाऊन परकर छातीवर बांधून दगडावर बसली, दाराकडे पाठ करून.

मला असलं काही येत नाही. मी तिच्या केसांना तेल चोळलं, पाठीला चोळलं, आणि तांब्याने कढत पाणी घालायला लागले. मध्येच तिचे खांदे हलायला लागले, तेव्हा मी थांबले, तर म्हणाली, "घाल."

बादली संपत आली. मला वाटलं, आता पुरे म्हणेल. दाराबाहेर काकांची चप्पल वाजली. "पोरींनो," ते म्हणाले, "पानी हाय का?"

मी तांब्या खाली ठेवला. उंबऱ्याशी भांडं टेकल्याचा आवाज झाला. मी दार किलकिलं केलं. काका पाठ करून उभे होते. खाली कढत पाण्याचं पातेलं, कडेला धरायला फडकं गुंडाळलेलं. "दुसरं ठिवलंय चुलीवर," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "घाला तिला. मोजू नका."