न कापलेल्या पानांतली पेन्सिल

मी लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. असले अनुभव कुणी सांगायला लागलं की मला आधी सांगणाऱ्याचाच संशय येतो. तुम्ही माझा संशय घेतलात तरी हरकत नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

आम्ही सात-आठ बायका महिन्यातून एकदा जमतो आणि लोक विसरून गेलेल्या जुन्या कादंबऱ्या वाचतो. मागच्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळच्या एका वाचनालयानं जुनी पुस्तकं विकायला काढली, त्यात एक कादंबरी मिळाली. लेखिकेचं नाव आमच्यापैकी कुणीच ऐकलेलं नव्हतं. पानांच्या कडा जोडलेल्याच होत्या. पूर्वी काही पुस्तकं तशीच यायची, वाचणाऱ्यानं कापून घ्यायची. म्हणजे इतक्या वर्षांत ती कुणी वाचलीच नव्हती.

दुपारी चारला माझ्या हॉलमध्ये मी स्टीलच्या पट्टीनं एकेक पान कापत मोठ्यानं वाचत होते. कादंबरीतली थोरली सून तापानं जाते, तिथं आले. पुढची कड कापली आणि आत पेन्सिलीची अक्षरं. एका पानाच्या कडेला ‘ताप’, समोरच्या पानाच्या कडेला ‘नव्हता’. कापलेल्या कडा जुळवल्या तर सरळ एक ओळ — ‘ताप नव्हता’. घडीच्या बरोबर आतून लिहिलेली.

गटातल्याच, माझ्या शेजारच्या प्रभाकाकूंनी पुस्तक ओढून घेतलं. अक्षरांवरून बोट फिरवलं.

“ह्ये आक्काचं अक्षर हाय,” त्या म्हणाल्या.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. जळकोटहून धर्माबादला दिलेली. लग्नानंतर दोन वर्षांत गेली. “तापानं गेली म्हून सांगितलं आमाला. तोंड बी बघू दिलं न्हाई.”

मला पहिला संशय काकूंचाच आला. पण पुस्तक तीन आठवडे माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. मग ग्रंथपालांना फोन केला.

“मॅडम, त्ये पुस्तक कुणी नेलंच न्हाई,” ते म्हणाले. “तुमीच पयल्या.”

छापखान्यात, कागद दुमडायच्या आधी कुणी लिहिलं असेल? हे मला पटलं होतं. दुसऱ्या दिवशी काकू आक्काचं जुनं पत्र घेऊन आल्या. ‘त’च्या पायाला आकड्यासारखा तोच वळसा, ‘व्ह’ तसाच मोडलेला. आणि कादंबरी छापली होती आक्का गेल्यावर सहा वर्षांनी.

“मला धर्माबादला घेऊन चल,” काकू म्हणाल्या.

मी गेले, खरं सांगते, हे सगळं खोटं ठरावं म्हणूनच.

आक्काचे यजमान आता नव्वदीला आलेले. पुढं दुसरं लग्न झालेलं, घर नातवंडांनी भरलेलं. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. काकूंनी काही न सांगता, नाव न घेता दोन्ही पानं जुळवून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं.

“कवा लिवलं तिनं ह्ये?” त्यांनी विचारलं.

काकू पुढं सरकल्या. “कुनी, दाजी?”

त्यांनी चष्मा काढला आणि मान खाली घातली. नातसुनेनं चहा आणला, तो तसाच राहिला. आम्ही उठेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

पेन्सिल त्या बंद पानांत कशी गेली, मला आजही माहीत नाही. आक्का कशानं गेली, हे ज्याला माहीत आहे तो माणूस काकूंचा फोन उचलत नाही.