बाईच्या हातचा देव

त्या दिवशी सकाळी आम्ही नवरा-बायकोने मिळून माती तुडवली. रत्नागिरीला भाट्याच्या खाडीकाठी आमचं खोपटं आहे, त्याच्या अंगणात. ती एका कडेने, मी दुसऱ्या. माझ्या बाजूला खडे राहिले तेव्हा म्हणाली, "अवो, पायाला डोळे नसतात, निदान कपाळाखालचे तरी उघडा." मी म्हटलं, तुझी जीभ फिरवली तर माती आपोआप मळेल. हसली. दुपारी पेज जेवून जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या गाव सुटलेल्यांना, दोघांनाही हे सांगायचं आहे. माझी शाळा दुसरीपर्यंत. गोड लिहिता येत नाही, आणि आज यायलाही नको.

आमचं मूळ गाव जयगडच्या खाडीवर. आम्ही कुंभार. वडील सांगत, चाकाला बाईचा हात लागता नये. बरं, नाही लावला तिने. चाकावर मी मडकी काढायचो, ती नुसत्या हातांनी चुली, शेगड्या, नागपंचमीचे नाग करायची. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवून, थापीने ठोकून तिने उभा केलेला रांजण माझ्या चाकाला कधी जमला नाही. पुढे गणपतीही तीच करू लागली. घराघरांतून पाट यायचे आणि त्या पाटावरच ती मूर्ती उभी करायची. मी कधी लपवलं नाही. कोणी विचारलं नाही.

एका पावसाळ्यात शेजारीण निखारा मागायला आली आणि तिने हिला सोंड लावताना बघितलं. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी अंगणात. बाईच्या हातचा देव म्हणजे विटाळाचा देव, म्हणाले. माझा सख्खा थोरला भाऊ पुढे झाला आणि त्याने उलथन्याने आपल्या पाटावरची ओली मूर्ती खरवडून काढली. मग बाकीच्यांनाही हात फुटले. पाट धुऊन, बगलेत मारून जो तो घरी गेला. घरी जाऊन भात जेवले असतील. तो ज्या चुलीवर शिजला ती हिच्याच हातची. ती कोणी फोडली नाही.

पाऊस ओसरल्यावर आम्ही गाव सोडून होडीत बसलो. चाक दादाने दिलं नाही, वडिलार्जित म्हणाला. धक्क्यावर एकटी आई आली. "तिचे हात आहेत ना संगती, मग उपाशी नाय मरणार तू." त्या गावात खरं बोललेलं ते एकच माणूस.

रत्नागिरी आम्हाला शहरच वाटलं. मोटारी, कचेऱ्या, कंदिलाचे खांब. गावी कोणाला झाड लावायला भांडं लागत नाही, इथे वकिलाच्या बायकोला फ्लावरपॉट पाहिजे. हिने केले फ्लावरपॉट. हत्ती केले, बाहुल्या केल्या, आणि गणपती तर केलेच. बाजारातला एक दुकानदार ते विकायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, जुन्या कारागिराचं काम आहे.

आणि आमच्या वाडीचे लोक त्याच दुकानात येऊ लागले. एकदा दादा मूर्ती टोपलीत घालून, वर पंचा टाकून गाडीकडे चाललेला आम्ही दोघांनी बघितला. मी सांगायला निघालो तर हिने दंड धरला. "नका सांगू. वाटेत ओढ्यात टाकतील. घरी पोचूंदे देवाला." म्हणून वर्षानुवर्षं मी गप्प बसलो. तिच्या शब्दाखातर, त्यांच्या भीतीने नव्हे.

आता तिच्या बाराव्याला भाऊबंद आले. जेवणं झाल्यावर दादा सुपारी कातरत म्हणाला, "झालं ते झालं. आता अडचण उरली नाय. चाक तुझंच आहे, घरी चल."

अडचण. मी विचारलं, तुझा गणपती कुठून येतो रे? त्याने दुकानाचं नाव घेतलं, वर म्हणाला, "काय मूर्ती असते! पुरुषाचा हात, बघताच कळतो."

"दादा," मी म्हटलं, "ती अडचण दर साल पाच दिवस तुझ्या घरात बसून मोदक खात होती. तू तिच्या पाया पडत होतास."

त्याने अडकित्ता मिटून दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "बोललास ते इथंच ठेव. भावकीत तोंड दाखवता येणार नाय. तू चल, अर्धं घर तुझ्या नावावर करतो."

तिची मूर्ती खरवडली तेव्हा भावकीला तोंड होतं. मी सांगितलं, ती जिथे राबली ते माझं घर, तुझ्या अर्ध्या घरात तू पुरा राहा. ते संध्याकाळच्या गाडीने गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात जाऊन दुकानाच्या पायरीवर बसलो. आत फळीवर तिच्या शेवटच्या मूर्ती होत्या. दुकानदाराला म्हटलं, आता जो विचारेल त्याला मी खरं सांगणार. दुकानदार हात जोडू लागला, धंदा बसेल म्हणाला. मी हललो नाही. पहिल्या गिऱ्हाइकाने एक मूर्ती उचलली आणि विचारलं, काम कोणाचं? आमच्यात नवरा बायकोचं नाव तोंडाने घेत नाही. मी जन्मभर "अगो" म्हणूनच हाक मारली. मी उभा राहिलो आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या बायकोचं. सुभद्रा तिचं नाव."

त्याने मूर्ती फळीवर परत ठेवली आणि निघून गेला. दुसरा पायरी चढत होता. त्यालाही सांगितलं.