इतिहासाच्या पेपराचं गाऱ्हाणं

मेलेल्या राजांना कोण घाबरतं, असं तुम्ही म्हणाल. विक्रोळीची सुगंधा परब घाबरते. चाळिशीची बाई, बालवाडीत मदतनीस, वर्गभर पोरांना एका नजरेत गप्प बसवते. पण इतिहासाचं पुस्तक उघडलं की ही ते लगेच मिटून ठेवते. पंधराव्या वर्षी, गावच्या शाळेत, इतिहासाच्या पेपराला तिला एक ओळ आठवली नव्हती. कोरा पेपर देऊन उठली ती थेट बोहल्यावरच चढली.

आता बालवाडीच्या नव्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, दहावी पास नसाल तर जूनपासून येऊ नका. सुगंधाने बाहेरून परीक्षा द्यायचं ठरवलं. बाकीचे पेपर बरे गेले. इतिहासाचा अभ्यास मात्र भीतीपोटी ढकलत ढकलत तिने पार शेवटावर आणून ठेवला आणि हातात उरले दोन-चार दिवस.

त्यात शिमगा. नवरा आणि लेक अक्षता कोकणात गावी गेले, चाळ निम्मी रिकामी झाली. देवाची पालखी दारात येणार आणि ओटी भरायला सून घरात नाही, असं परबांकडे कधी झालं नव्हतं. गावाकडच्या सासूबाईंना, म्हणजे कुंदाबाईंना, तिने फोनवर "रजाच देत नाहीत ओ" अशी थाप मारली. या वयात शाळेची पुस्तकं घेऊन बसलेय हे सांगायची छाती कुठे होती? वर देवाच्या कामात खोटं बोलल्याची धास्ती वेगळीच.

वाचलेलं काही टिकेना. भांडी घासता घासता ती रडकुंडीला आली आणि देवाला गाऱ्हाणं घालायला लागली, गावच्या पद्धतीने. तिथे पालखीपुढे एक जण मोठ्याने मागणं मांडत जातो आणि बाकीचे दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. सुगंधाने मागण्यांच्या जागी धडे घातले. "बा देवा म्हाराजा, भौतिक साधनांत नाणी इली, किल्ले इले... होय म्हाराजा. मौखिक साधनांत ओव्यो इल्यो, पोवाडे इले... होय म्हाराजा." आणि मेलं डोक्यात बसायला लागलं की!

पेपर हातात पडला आणि पुन्हा तेच. एक ओळ आठवेना. वाट लागली, तिला वाटलं, नोकरी गेली. ओठांतल्या ओठांत तिने 'बा देवा म्हाराजा' म्हटलं, तशी एकेक ओळ आठवत गेली. ती लिहीतच राहिली. शेवटी वाचून बघते तर एका उत्तराखाली ठसठशीत 'होय म्हाराजा'. तिने ते खोडलं. उत्तरपत्रिकेवर देवाधर्माचं काही लिहू नका म्हणून बजावलं होतं. पेपर रद्द केला तर? बाहेर आल्यावर तिने पिशवीतला फोन चालू केला.

फाटकाशीच फोन वाजला. सासूबाई.

"अक्षतान सगळा सांगल्यान माका."

थाप मारल्याची माफी मागायला सुगंधाने तोंड उघडलं, पण सासूबाई बोलतच राहिल्या.

"सकाळी पालखी इली. ओटी मी भरलंय. आणि गाऱ्हाणा घालूक लावलंय, माझ्या सुनेचो पेपर सोपो जांवदे. सगळी वाडी म्हणाली, होय म्हाराजा."

सुगंधा फाटकाला टेकून पोटभर रडली. मग पदराने डोळे पुसले आणि तिला नव्याने धडकी भरली. निकाल अजून लागायचा होता, आणि आता त्याची वाट अख्खी वाडी बघणार होती.