कूलरची खोली

२१ एप्रिल २०२५ रोजी सुंदरम्मासाठी कूलर आला. किंमत सहा हजार आठशे चाळीस रुपये. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेल कारखान्यात एका बाईसाठी एवढा खर्च कधी झाला नव्हता.

झालं ते असं. कामगार खूश आहेत की नाहीत, हे मालकांचा मुलगा विरेश एकेकाला विचारत फिरला. "काय केलं तर बरं वाटेल?" बाकीच्या म्हणाल्या, "बरं हाय की, साहेब." सुंदरम्माला वाटलं, पोरगं एवढ्या मायेनं विचारतंय, काहीतरी सांगावं. ती म्हणाली, "लई उकडतंय."

आठवड्यात गोदामाशेजारची खोली रिकामी झाली, कूलर बसला. तिथं मशीन एकच मावत होतं. तिचं.

सोळा वर्षं ती पार्वतम्माच्या शेजारी बसून टॉवेलच्या कडा शिवत आली होती. दिवसभर दोघींचं कानडीतून चाले: सुनांची उणीदुणी, भाजीचे भाव, मध्येच खदखदून हसणं. नजर अधू झाल्यापासून सुंदरम्माच्या सुईत दोरा पार्वतम्माच ओवी. चहाचे पैसे एक दिवस हिचे, एक दिवस तिचे.

आता गार वारा होता आणि दोरा सुईत जाईना. नगावर मजुरी, पगार घटला. पण तेही चाललं असतं. दिवसभर तोंड मिटून बसणं चालेना.

ती सुपरवायझर मुकुंदरावांकडे गेली. "मला जुन्या जागंवर बसवा की."

"अगं, 'आनंदी कामगार' म्हणून तुझा फोटो फळ्यावर लागलाय! आता साहेबांना मी काय तोंड दाखवू? आणि तुझ्या जागी धनलक्ष्मी बसतीय."

मग विरेशलाच सांगायचं ठरवलं. तो खोलीत आला, कूलरसमोर हात धरून हसला. "मावशी, आता बरं वाटतंय ना?"

"व्हय, साहेब," तिच्या तोंडून निघालं.

जेवणाच्या सुट्टीत ती पार्वतम्माकडे गेली. पार्वतम्मा धनलक्ष्मीशी बोलत होती.

"आली बघ थंड हवेची राणी!" पार्वतम्मा तिला म्हणाली. "आमचा घाम लागंल हं."

सुंदरम्मानं पदराची गाठ सोडून दहाची नोट पुढं केली. "शेवटचा चहा तू पाजलेलीस. पाळी माझी होती."

पार्वतम्मानं नोट मागं सारली. "हितं बसाया येशील तवा दे."

भोंगा झाला. सुंदरम्मा खोलीत परतली.

त्या चहाचे दहा रुपये अजून देणे आहेत.