विरोधात पडलेलं मत

आमच्या विभागात कूलर कोणत्या खिडकीला लावायचा यावरसुद्धा मतदान व्हायचं. रायपूरच्या उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण आमच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना त्याची घाई नसे. आधी कोणी तरी प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग चर्चा, मग हात वर. तोवर कूलर दाराशी उभा आणि आम्ही घामाने निथळतोय. शेजारच्या विभागातले लोक येताजाता हसायचे. मलाही पहिल्या वर्षी हा निव्वळ पोरखेळ वाटायचा. लोकशाही शिकवता ठीक आहे, पण चहासुद्धा बहुमताने प्यायचा म्हणजे काय!

त्यातली एक गोष्ट मात्र मला आवडायची. बैठकीचं दार उघडं असायचं. मागचे दोन बाक म्हणजे 'प्रेक्षक दीर्घा'. कोणाही विद्यार्थ्याने यावं, बसावं, ऐकावं. तोंड उघडलं की बाहेर. विभागप्रमुख मॅडम छत्तीसगढी होत्या, आवाज मऊ होता, पण दीर्घेत कोणी खुसखुसलं तर चष्म्यावरून अशा बघायच्या की आपोआप पाठ ताठ व्हायची.

त्या दीर्घेत बसून मला एक दिवस माझ्याच भवितव्याचं मतदान ऐकावं लागलं.

एम.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं. आम्ही रायपूरला लागून असलेल्या बीरगांवचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून इकडे आले आणि इथलेच झाले. बाबा जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये. त्या वर्षी मिलची भट्टी बंद पडली ती काही महिने पेटलीच नाही. मी गोल बाजारात एका साड्यांच्या दुकानात लागले. लग्नसराई होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवसभर गादीवर बसून घड्या मोडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा घालायच्या. ऐन वर्गाच्या वेळेला मी 'दीदी, ये वाला रंग आप पर खिलेगा' म्हणत असायचे. मिल सुरू झाली तशी मी दुकान सोडलं, पण हजेरीला तोवर मोठं भगदाड पडलेलं. हजेरी कमी म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. आणि ते वर्ष गेलं असतं तर पुन्हा वर्गात येणं झालं नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईने तर स्थळं बघायला सुरुवातही केली होती.

"का होगे नोनी, दिखत नइ हस?" काय झालं पोरी, दिसत नाहीस, असं मॅडमने त्यांच्या छत्तीसगढीत विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बैठक में रखेंगे." दुसरं काय म्हणणार?

घरी बाबा मात्र निश्चिंत होते. आमच्या विभागातले एक सर आमच्यासारखेच विदर्भाकडचे, आणि आमच्याच बुद्धविहारात दर रविवारी येणारे. बाबा म्हणाले, "काहून टेन्शन घेऊन राहिली? आपला मानूस बसला आहे ना तिथं."

रविवारी वंदना झाल्यावर बाबांनी सरांना गाठलं. मी बाजूला उभी होते. बाबांनी सगळी हकीकत सांगितली, हात जोडले. सरांनी बाबांचे हात खाली केले आणि म्हणाले, "बैठकीत पाहू, भाऊ." बाबांनी त्याचा अर्थ 'झालं काम' असा घेतला आणि परतताना जिलेबी घेतली.

बैठकीच्या दिवशी मी दीर्घेत बसले. वर्गातली आणखी चारदोन पोरं तमाशा बघायला आली होती. विभागातले सगळ्यांत तरुण सर उठले. त्यांनी प्रस्ताव मांडला, की घरची परिस्थिती पाहता या विद्यार्थिनीला हजेरीतून सूट द्यावी. किती छान बोलले ते! कल्याणकारी राज्यापासून सुरुवात केली आणि माझ्या साडीच्या दुकानापर्यंत आले. एक मॅडम अनुमोदन द्यायला उठल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, झालं.

मग आमचे विहारातले सर उठले. "मैं इस प्रस्ताव का विरोध करता हूँ," म्हणाले आणि खाली बसले. एवढंच. वयाने मोठे असलेले दुसरे एक सर, जे एरवी झोपेतच असायचे, त्यांनीही विरोधात हात वर केला. दोन विरुद्ध दोन.

सगळे मॅडमकडे बघायला लागले. समसमान मतं पडली तर निर्णायक मत अध्यक्षांचं. मॅडमला माझी काळजी होती, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "अध्यक्ष का मत बहस बंद करने के लिए नहीं होता, खुली रखने के लिए होता है. यही परंपरा है. निर्णय अगली बैठक तक स्थगित."

तरुण सर ओरडलेच, "मैडम, ये संसद नहीं है!"

"तो क्या है?" मॅडमने इतक्या खरेपणाने विचारलं की कोणाला हसूही आलं नाही.

मला मात्र संताप आवरेना. इकडे माझं वर्ष टांगणीला लागलंय आणि या बाई परंपरा पाळून राहिल्यात! आणि तो आपला माणूस! सोनाराने कान टोचावेत म्हणतात, पण यांनी तर कानच कापला होता. रागाने मी बाहेर आले, तर सर मागोमाग व्हरांड्यात आले. वर्गात ते शुद्ध हिंदी बोलत, व्हरांड्यात मात्र आमची बोली.

"राग आला?"

मी पायऱ्यांकडे वळले.

"येऊ दे. उद्या सकाळी ये, बाकीचे तास सुरू व्हायच्या आधी. मी जादा तास घेऊन राहिलो. मॅडमनं तुले मुदत देली आहे, ते वापर."

"मग सूट काहून नाही देली सर?"

"आज तुह्यासाठी दरवाजा उघडला, तं उद्या त्याच दरवाज्यातून कोना कोनाचे भाचे-पुतने घुसतीन, तुले मालूम नाही. हजेरी पाह्यजे तं हजेरी भर."

घरी सांगितलं तर बाबांचा चेहरा उतरला. "आपलाच मानूस आडवा आला," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी ते विहारात गेले, पण सरांशी बोलले नाहीत.

सकाळी मी गेले, ती घरच्यांवर आणि जगावर चिडूनच. सरांनी जादा तासाची सूचना रीतसर फलकावर लावली होती आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली होती. तास सगळ्यांसाठी खुला. आली फक्त मी. सर आत आले, हजेरी उघडली आणि पहिल्या क्रमांकापासून हाका मारायला सुरुवात केली. प्रत्येक क्रमांकानंतर थांबायचे, रिकाम्या बाकांकडे बघायचे, गैरहजेरी मांडायचे, मग पुढचा. मला आधी वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. तास सगळ्यांचा आहे तर हाक सगळ्यांना जाणार, हा त्यांचा हिशेब. माझा क्रमांक आला. "उपस्थित, सर." मग ते फळ्याकडे वळले आणि साठ जणांचा वर्ग असावा अशा आवाजात संघराज्य शिकवायला लागले.

असे तास रोज व्हायला लागले. आठवडाभराने ग्रुपवर बोंब उठली. सरांच्या काटेकोरपणाने झालं होतं असं, की जे जे सकाळी आले नाहीत त्या सगळ्यांची गैरहजेरी वाढत चालली होती! काठावरची पोरं काठाखाली घसरली. एकजण मला म्हणाला, "यार, तेरे चक्कर में हम डूब गए." माझ्यामुळे बुडणारे इतके लोक मी आयुष्यात पाहिले नव्हते. तक्रार घेऊन सगळे मॅडमकडे गेले. मॅडमने ऐकून घेतलं आणि हसत होकार भरला, "हव, तो सबेरे आ जाओ."

आणि आले! डोळे चोळत, जांभया देत, मला शिव्या घालत आले. पंधरवड्यात सकाळचा वर्ग भरला. मग तरुण सर म्हणाले, मीही एक तास घेतो. बैठकीत डोळे भरून आलेल्या त्या मॅडमही आल्या. झोपेतल्या सरांनीही एक दिवस घेतला, आणि विश्वास ठेवा, तो वर्षातला सगळ्यांत चांगला तास होता. राजकीय विचार मला खऱ्या अर्थाने कळला तो त्या सकाळी. आधी चोरून दुकानात पाठ केलेलं सगळं नुसतं परीक्षेपुरतं होतं. जे मी गमावलं होतं ते नुसती हजेरी नव्हती, शिक्षण होतं, हे मला तिथे बसल्यावर उमगलं. सूट मिळाली असती तर तेवढं राहूनच गेलं असतं.

पुढची बैठक आली तेव्हा माझी हजेरी पुरी झाली होती. तरुण सरांनी उठून प्रस्ताव मागे घेतला. मागे घ्यायलाही अनुमोदन लागतं. ते आमच्या विहारातल्या सरांनी दिलं. मतदान झालं, एकमताने. दीर्घेत मी तोंडावर ओढणी दाबून रडले, आणि आवाज आला असेल तरी त्या दिवशी मॅडमने मला बाहेर काढलं नाही.

त्या रविवारी बाबा आपणहून सरांपाशी गेले. "सर, मी तुमच्याबद्दल वाईट बोललो. पोरीपाशी बोललो," म्हणाले.

सर बराच वेळ चप्पल शोधत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, मीबी असाच कमी हजेरीवाला होतो. एका मास्तरानं मले सूट देली. चांगला मानूस. पन मरेपर्यंत चारचौघांत सांगत राहिला, याले मी परीक्षेत बसवलं. मी प्रोफेसर झालो तरी सांगत राहिला. लोक मले पाह्यत आन् हसत." ते माझ्याकडे वळले. "हिच्या मागं तसं कोनी लागू नये, एवढंच."

 बाबांनी सरांचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते पडू देत नाहीत.

आज मी एका कॉलेजात शिकवते. बीरगांवच्या मिलमजुराची पोरगी इथवर कोणाच्या वशिल्याने आली, हे शोधायला लोकांना फार आवडतं. खुशाल शोधा म्हणावं. हिला मी परीक्षेला बसवलं, असं सांगणारा एक माणूस त्यांना सापडायचा नाही. आमच्या सरांकडे गेलात तर ते सांगतील, मी तर विरोधात मत दिलं होतं.