आधी कबड्डी, मग हळद

तमाम भाऊबंद, सोयरे आणि मांडवाच्या खांबाला टेकून फुकटचे सल्ले देणारी मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, भिसेगावात आमच्या घरच्या हळदीला जो उशीर झाला, तो मी केला. मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, आणि तेव्हा बेंजो लावून करीन.

माझी लेक तेरा वर्षांची. जो मोठ्यानं ओरडेल त्याचं काम आधी, हा तिचा कारभार. शाळेनं वेळापत्रक करायला सांगितलं, तर तिनं त्याच्याभोवती फुलांची सुंदर वेलबुट्टी काढली. काम शून्य. मग मी तिला भाकरीला बसवलं. आमची तांदळाची भाकरी उकडीची. उकळत्या पाण्यात पीठ टाकायचं आणि गरम असतानाच मळायचं. बाईसाहेबांनी उकड काढली आणि आजोबांनी हाक मारली म्हणून चष्मा शोधायला गेल्या. मग फोन, मग मांजर. परत येईस्तोवर उकड गार. भाकरीला या भेगा! ती भाकरी मी तिलाच वाढली.

"चष्मा थांबला असता?"

"हो."

"मांजर?"

"ते तर झोपलंच होतं."

"आणि उकड?"

तिनं भेगाळलेला तुकडाच माझ्यापुढे धरला. माझं सगळं शिक्षणशास्त्र एवढंच. काम हातात घेण्याआधी त्यालाच विचारायचं, बाबा रे, तू थांबशील का?

मग पुतण्याचं लग्न निघालं. लेक करवली, म्हणजे हळदीला नवरदेवाशेजारी हवीच. आणि नेमकी त्याच दुपारी खालापूरला कबड्डीच्या जिल्हा संघाची निवड. वर्षभर तिनं गुडघे फोडून घेतले ते याच दुपारसाठी. पुढच्या वर्षी तिचं वय या गटात बसणार नव्हतं.

नवरदेवाची आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सकाळपासून त्यांचे हुकूम सुटत होते. "पोरी, ताटं पूस गं! आंब्याचा टाळा कुटं हाय? नारळ आन गं!" लेकीनं पटापट नारळ आणले, टाळ्याच्या डहाळ्या मांडवाला बांधल्या आणि मग भर मांडवात विचारलं, "मोठी काकी, हळद दोन तास उशिरा लागली तर दादा पिवळा होणार नाय का?"

जाऊबाईंचा हात गालावर. तोवर कार्टी माझ्याकडे वळली. "आणि आई, तुझा नाच थांबेल?"

माझा नाच! महिनाभर मी बसवला होता आणि मधोमध नाचणार होती ती. मी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, एक उसासा सोडला. "थांबेल," म्हटलं. "पळ!"

तिच्या बापानं मोटरसायकल काढलीच होती.

"करवली कबड्डीला?" जाऊबाई कडाडल्या. "लोक काय म्हनतील गं?"

"लोक जेवायला आलेत, ताई. मटणाबद्दल म्हणतील."

"मी हळद लावून मोकळी होनार!"

"लावा ना," म्हटलं, आणि हळदीचं ताट मांडीवर घेऊन मांडवाच्या दारात मांडी ठोकली. चुलत्यांनी समजावलं, भटजींनी घड्याळ दाखवलं. मी बेंजोवाल्यांना फर्माईश केली आणि बसल्या बसल्याच नाचले. पिवळा पदर, पिवळी मांडी, पण ताट सोडलं नाही.

दिवेलागणीला मोटरसायकल वाजली. लेक उतरली ती लाल मातीनं माखलेली, गुडघा सोललेला. "घेतलं! संघात घेतलं मला!" ती दारातूनच ओरडली आणि मोठ्या काकीला बघून जागीच थबकली. "आले मी. उभी राहते लगेच."

जाऊबाई तरातरा आल्या. मी ताट घट्ट धरलं. त्यांनी तो गुडघा बघितला, सुकलेले ओठ बघितले, आणि सगळ्या भावकीदेखत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आदी भाकर खा गं पोरी, हळद काय पळून चाललीय?"